सेफएफएसवर वाचन मंद आहे? आधी कोण कशासाठी थांबलंय ते बघा

‘स्टोरेज स्लो झालंय’ असा निरोप आला की मी आधी तीन गोष्टी विचारते. कोणती फाईल? कोणत्या मशीनवरून वाचताय? आणि त्याच वेळी ती आणखी कोण वाचतंय? निम्म्याहून अधिक उत्तर इथेच मिळतं. मी संशोधन गटांसाठी सेफ (Ceph) क्लस्टर सांभाळते. सेफ म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क जोडून एकच साठवण बनवणारं सॉफ्टवेअर. बारा नोड (मशीन), प्रत्येकात ७२०० आरपीएमच्या बारा हार्ड डिस्क, मेटाडेटासाठी, म्हणजे डेटाविषयीच्या नोंदींसाठी, एनव्हीएमई हे वेगवान एसएसडी, आणि वर सेफएफएस ही सेफची फाईलसिस्टिम. वाचणारे तीन तऱ्हेचे आहेत. सूक्ष्मदर्शकाच्या दहा-दहा जीबींच्या प्रतिमा एका दमात वाचणारे, मॉडेल शिकवण्यासाठी लाखो चिमुकल्या फाईल्स उघडणारे, आणि शेकडो नोडवरून एकच इनपुट फाईल एकाच क्षणी मागणारे. तिघांचंही वाचन मंद होऊ शकतं, पण तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर काही वेळा नुकसानच होतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी वेळ नेमका कुठे जातोय ते शोधायचं.

त्यासाठी एका वाचनाचा प्रवास डोळ्यांसमोर हवा. क्लायंट, म्हणजे वाचणारं मशीन, फाईल उघडतो तेव्हा आधी मेटाडेटा सर्व्हरला, म्हणजे एमडीएसला विचारतो. एमडीएस त्याला फाईलची माहिती आणि ‘कॅप्स’ देतो. कॅप्स म्हणजे ‘तू ही फाईल वाचू शकतोस, स्वतःजवळ कॅशे करू शकतोस’ अशी परवानगी. पुढे एमडीएसचा संबंध उरत नाही. फाईल ४ एमबींच्या ऑब्जेक्ट्समध्ये चिरलेली असते आणि कोणता ऑब्जेक्ट कोणत्या डिस्कवर आहे हे क्लायंट क्रश या पद्धतीने स्वतःच मोजून काढतो. सेज वाइल यांनी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेफ उभं केलं आणि २००६ साली त्यावरचा शोधनिबंध आला. मध्यवर्ती यादी न विचारता जागा मोजता येणं हा त्यातला गाभा होता. ती जागा कळली की क्लायंट थेट त्या डिस्कच्या ओएसडीकडे, म्हणजे ती डिस्क सांभाळणाऱ्या प्रोसेसकडे जातो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. प्रत्येक ऑब्जेक्टच्या तीन प्रती असल्या, तरी वाचन नेहमीच्या मांडणीत एकाच प्रतीवरून होतं, त्या ऑब्जेक्टसाठी मुख्य ठरलेल्या प्रायमरी ओएसडीवरून. ‘प्रती वाढवल्या की वाचन वाढेल’ असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. प्रती सुरक्षिततेसाठी असतात.

खालून वर मोजत या

मोजमाप खालच्या थरापासून सुरू करावं. आधी ‘एफआयओ’ने एक डिस्क (फक्त वाचनाची चाचणी, लिहिण्याची चुकूनही नको, डेटा जाईल), मग ‘आयपर्फ३’ने दोन नोडमधलं नेटवर्क, मग ‘रेडॉस बेंच’ने ऑब्जेक्टचा थर, मग सेफएफएसवर पुन्हा एफआयओ आणि शेवटी प्रत्यक्ष प्रोग्रॅम. ज्या पायरीवर आकडा एकदम कोसळतो तिथे खणायचं.

रेडॉस बेंचसाठी चाचणीचा वेगळा पूल (डेटाचा स्वतंत्र कप्पा) करा, त्यात ‘नो-क्लीनअप’ लावून आधी लिहा आणि मग ‘सीक्वेन्शियल’ आणि ‘रँडम’ वाचन चालवा. तो मुळात एकाच वेळी १६ विनंत्या पाठवतो. मी दोनदा चालवते, एकदा १६ विनंत्यांवर, एकदा १ वर. या दोन आकड्यांमधला फरक मला बाकी कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगतो. १६ वर उत्तम आणि १ वर रडतखडत असेल तर क्लस्टर ठणठणीत आहे, क्लायंट एका वेळी पुरेसं मागत नाहीये. दोन्ही वाईट असतील तर डिस्क, नेटवर्क किंवा मेमरीत गडबड आहे.

कॅशेपासून सावध राहा. क्लायंटवर ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये ३ लिहून पेज कॅशे, म्हणजे रॅममध्ये जपलेला वाचलेला डेटा, रिकामा करता येतो. पण ब्लूस्टोर, म्हणजे ओएसडीचा डिस्कवर साठवण करणारा भाग, आपला कॅशे ओएसडी प्रोसेसच्या मेमरीत ठेवतो, त्याला त्या आज्ञेने धक्का लागत नाही. चाचणीचा डेटा सगळ्या ओएसडींच्या एकूण मेमरीपेक्षा मोठा घ्या, नाहीतर तुम्ही रॅमचा वेग मोजाल आणि तोच डिस्कचा वेग समजून समाधान मानाल.

एक आजारी डिस्क सगळ्यांना थांबवते

यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण वाचनाच्या तक्रारींमध्ये हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं आणि सगळ्यात उशिरा तपासलं जातं.

हिशेब करा. ४० जीबींची फाईल म्हणजे ४ एमबींचे १०,२४० ऑब्जेक्ट. आमच्या १४४ डिस्कवर ते पसरले तर प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे ७१ प्रायमरी ऑब्जेक्ट येतात. म्हणजे एकच डिस्क अडखळत असली तरी प्रत्येक मोठी फाईल वाचताना सत्तरेक वेळा तिच्या दारात थांबावं लागतं. क्रमाने वाचणाऱ्याला मधला एक ऑब्जेक्ट आला नाही तर पुढचे आलेले असूनही उपयोग नसतो. सरासरी लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) बघून हे कळत नाही, कारण १४३ डिस्क ती सरासरी सुंदर दाखवतात.

आणि अशी डिस्क मेलेली नसते. सेफच्या लेखी ती ‘अप’ आणि ‘इन’, म्हणजे चालू आणि वापरात असते. वाचताना सेक्टर पुन्हा पुन्हा चाचपत बसते, एवढंच. ‘सेफ ओएसडी पर्फ’ चटकन नजर टाकायला बरं आहे, पण त्यातली कमिट लेटन्सी लिहिण्याची असते. वाचनासाठी ओएसडीच्या ‘पर्फ डंप’मधली ‘ऑप आर लेटन्सी’ बघा आणि सगळ्या ओएसडींच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करा. संशयित सापडला की ‘डंप हिस्टॉरिक ऑप्स’ काढा. प्रत्येक मंद विनंतीने कुठल्या टप्प्यावर किती वेळ काढला ते तिथे टप्प्याटप्प्याने दिसतं. त्याच नोडवर ‘आयोस्टॅट’मध्ये त्या डिस्कचा ‘आर अवेट’ (एका वाचनाला लागणारा सरासरी वेळ) शेजारच्या डिस्कच्या कित्येक पट असेल, तर ‘स्मार्टसीटीएल’मध्ये पेंडिंग आणि रीअलोकेटेड, म्हणजे संशयास्पद आणि बदललेले सेक्टर तपासा.

डिस्क बदलेपर्यंतचा उपाय मला फार आवडतो, कारण तो क्षणात लागू होतो. त्या ओएसडीची ‘प्रायमरी अ‍ॅफिनिटी’ शून्य करा. डेटा तसूभरही हलत नाही, फक्त प्रायमरीचा मान दुसऱ्या प्रतीकडे जातो आणि वाचन आजारी डिस्कला वळसा घालून होऊ लागतं. मग निवांतपणे डिस्क रिकामी करून बदला. हे प्रतींच्या पूलला लागू आहे. इरेजर कोडिंगच्या पूलमध्ये पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि भरपाईचे जादा तुकडे निरनिराळ्या डिस्कवर असतात, त्यामुळे प्रायमरी बदलली तरी आजारी डिस्कवरचा तुकडा मागावाच लागतो. तिथे पूलचं ‘फास्ट रीड’ चालू करता येतं. मग सगळे तुकडे मागवले जातात आणि पुरेसे तुकडे आले की लगेच उत्तर दिलं जातं. त्याची किंमत डिस्क आणि नेटवर्कवरच्या जादा भाराने चुकवावी लागते, म्हणून डिस्क आधीच तुडुंब असतील तर ते लावू नका.

मोठी फाईल, एकटा वाचक

‘क्लस्टरची क्षमता कित्येक जीबी प्रति सेकंद आहे आणि मला शंभर-दीडशे एमबीच का मिळतात?’ हा प्रश्न याच गटाचा. उत्तर साध्या भागाकारात आहे: वाटेत असलेला डेटा भागिले एका फेरीचा वेळ. प्रोग्रॅम एका वेळी १२८ केबी मागत असेल आणि उत्तराला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला २०० फेऱ्या, म्हणजे जेमतेम २५ एमबी. डिस्क दहापट वाढवल्या तरी हा आकडा हलणार नाही. वाटेतला डेटा वाढवायला हवा.

ते काम रीड-अहेड, म्हणजे पुढचा डेटा मागण्याआधीच आणून ठेवणं, करतं. सेफएफएसच्या कर्नल क्लायंटमध्ये माऊंट करताना ‘आरएसाईझ’ हा पर्याय देता येतो. मूळ किंमत ८ एमबी. ऑब्जेक्ट ४ एमबींचा, म्हणजे एका वेळी दोन, फार तर तीन ऑब्जेक्ट, आणि म्हणून दोन-तीनच डिस्क कामाला लागतात. बाकी १४० जणी स्वस्थ. ६४ एमबी केलं की १६ ऑब्जेक्ट एकाच वेळी मागवले जातात. पुन्हा माऊंट न करताही बदल करून बघता येतो: ‘सिस’ खाली ‘क्लास’, ‘बीडीआय’ मध्ये सेफच्या नावाची जी नोंद असते, तिच्यातल्या ‘रीड अहेड केबी’त नवा आकडा लिहा, चाचणी घ्या, आणि फरक पडला तरच माऊंटच्या पर्यायांत कायम करा. मी ३२ पासून सुरू करून दुप्पट करत जाते आणि वेग वाढायचा थांबला की तिथे थांबते. ज्या मशीनवर एकाच वेळी शेकडो फाईल्स क्रमाने वाचल्या जातात तिथे मेमरीकडे लक्ष ठेवा, आणि फाईलमध्ये इकडेतिकडे उड्या मारणाऱ्या प्रोग्रॅमसाठी हा आकडा मोठा ठेवू नका. न लागणारा डेटा ओढला जातो आणि डिस्क दुसऱ्यांच्या कामाला मिळत नाहीत. प्रोग्रॅम ‘ओ डायरेक्ट’ने, म्हणजे पेज कॅशे टाळून वाचत असेल तर रीड-अहेड लागूच होत नाही. तिथे एका वेळच्या मागणीचा आकार किंवा समांतर वाचनांची संख्या प्रोग्रॅममध्येच वाढवावी लागते.

दुसरा उपाय स्ट्रायपिंगचा, म्हणजे फाईल छोट्या पट्ट्यांनी अनेक ऑब्जेक्ट्सवर वाटण्याचा. डिरेक्टरीच्या लेआऊटमध्ये स्ट्राइप युनिट १ एमबी आणि स्ट्राइप काऊंट ८ केला, तर ८ एमबींची खिडकी आठ ऑब्जेक्ट्सवर पसरते. हे ‘सेटएफएटीटीआर’ने करता येतं, क्लायंटच्या परवानगीत ‘पी’ अक्षर असावं लागतं, आणि लेआऊट नव्या फाईल्सनाच लागतो. जुनी फाईल ‘एमव्ही’ने त्या डिरेक्टरीत हलवली तर लेआऊट जुनाच राहतो. नवी प्रत काढूनच तो बदलतो. हार्ड डिस्कवर लहान स्ट्राइप म्हणजे हेडची जास्त धावपळ, म्हणून रीड-अहेडने काम भागत असेल तर मी स्ट्रायपिंगकडे जात नाही.

लाखो लहान फाईल्स

इथे बँडविड्थ विसरा. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा मारायला ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, त्यात हेड सरकण्याचा वेळ. त्यात एमडीएसची फेरी, नेटवर्क आणि ऑब्जेक्टची माहिती कॅशेत नसेल तर आणखी एक वाचन. एका फाईलला १२ मिलिसेकंद धरा. दहा लाख फाईल्स एकामागून एक वाचायला १२,००० सेकंद, तीन तास वीस मिनिटं. ३२ धाग्यांनी, म्हणजे ३२ समांतर वाचनांनी वाचल्या आणि डिस्क मोकळ्या असल्या तर तेच काम सहा-सात मिनिटांवर येतं. म्हणून मॉडेल शिकवणाऱ्यांना माझी पहिली विनंती असते: डेटा लोडरचे वर्कर वाढवा. दुसरी विनंती त्याहून मोलाची आहे. फाईल्स काही शे एमबींच्या टार किंवा एचडीएफ५ संग्रहात बांधा आणि संग्रह क्रमाने वाचा. दहा लाख उघडण्यांच्या जागी काही शे उघडणी होतात. क्लस्टरवर कितीही पैसे ओतले तरी या बदलाची बरोबरी होत नाही, आणि मी हे प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच भेटीत सांगते.

क्लस्टरच्या बाजूला करण्यासारखं बरंच आहे. एमडीएसचा कॅशे मुळात ४ जीबी असतो. फाईल्स कोटीच्या घरात असतील आणि रॅम असेल तर तो वाढवा, मात्र प्रोसेस त्या मर्यादेच्या वर जाते, तेवढी जागा सोडा. ‘क्लायंट कॅशे प्रेशरला प्रतिसाद देत नाहीत’ अशी सूचना वारंवार येत असेल, तर कोणीतरी लाखो फाईल्सच्या कॅप्स धरून बसलं आहे. बहुतेकदा तो बॅकअप किंवा संपूर्ण झाड फिरणारा शोध असतो. एमडीएसचं बहुतांश काम एकाच धाग्यावर चालतं, त्यामुळे त्याला जास्त कोअरपेक्षा वेगवान कोअर द्या. एक एमडीएस पुरत नसेल तर ‘मॅक्स एमडीएस’ वाढवून दोन-तीन सक्रिय ठेवा आणि प्रत्येक गटाची डिरेक्टरी ‘सेफ डॉट डिर डॉट पिन’ने एकेका एमडीएसला बांधून टाका. आपोआप वाटणीवर सोडलं तर डिरेक्टरींचे उपवृक्ष एका एमडीएसकडून दुसऱ्याकडे सरकत राहतात. मला ठरलेली वाटणी आवडते, कारण तक्रार आली की कुणाकडे बघायचं ते कळतं.

ओएसडीची मेमरीही इथे महत्त्वाची. ‘ओएसडी मेमरी टार्गेट’ मुळात ४ जीबी. बारा डिस्कच्या नोडला ४८ जीबी झाले. ते ८ वर नेलं तर ९६ जीबी लागतील, वर ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि रिकव्हरीच्या (गमावलेल्या प्रती पुन्हा तयार करण्याच्या) वेळच्या फुगवट्यासाठी जागा हवी. पण ऑब्जेक्टची माहिती कॅशेत राहिल्यामुळे प्रत्येक वाचनामागे डिस्कची एक जादा धाव वाचते. ‘ब्लूएफएस स्पिलओव्हर’ची सूचना दिसत असेल तर ती बंद करून झाकू नका. एनव्हीएमईवर असायला हवी ती माहिती हार्ड डिस्कवर सांडते आहे, असा तिचा अर्थ आहे.

एक फाईल, शेकडो वाचक

४ एमबींहून लहान इनपुट फाईल म्हणजे एक ऑब्जेक्ट, एक प्रायमरी, एक नोड. दोनशे नोडनी ती एकदम मागितली तर ८०० एमबीपर्यंत डेटा एकाच ओएसडीतून आणि एकाच नेटवर्क कार्डातून निघणार. १० गिगाबिटच्या कार्डाची कमाल १.२५ जीबी प्रति सेकंद, त्यामुळे बाकी क्लस्टर रिकामं असूनही रांग लागते. जॉब सुरू होताना फाईल नोडच्या स्थानिक एनव्हीएमईवर आणणं हा सरळ उपाय. तेच वाचन दिवसभर होत असेल तर कर्नल क्लायंट ‘एफएससी’ पर्यायाने माऊंट करून ‘कॅशेफाईल्सडी’ चालवा. वाचलेला डेटा स्थानिक डिस्कवर राहतो आणि पुढच्या वेळी क्लस्टरपर्यंत जावंच लागत नाही.

आता या गटातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. सगळे वाचकच असतात तोवर प्रत्येकाला कॅशे करण्याची कॅप मिळते. एका क्लायंटने तीच फाईल लिहिण्यासाठी उघडली की एमडीएस सगळ्यांच्या कॅशेच्या कॅप्स परत मागवतो आणि प्रत्येक वाचन थेट ओएसडीकडे जाऊ लागतं, कारण कोणालाही शिळा डेटा दिसता कामा नये. हे वागणं योग्यच आहे. पण कितीतरी प्रोग्रॅम वाचायची असलेली फाईलही ‘वाचन-लेखन’ पद्धतीने उघडतात, काहीही लिहीत नाहीत, आणि शेकडो नोडचा कॅशे बंद पाडतात. कोडमध्ये उघडण्याची पद्धत तपासा. ज्या नोडना संदर्भ-डेटा फक्त वाचायचा आहे तिथे ती डिरेक्टरी ‘रीड-ओन्ली’ माऊंट करा. प्रोग्रॅम हट्टाने लिहायला उघडत असेल तर तो तिथल्या तिथे त्रुटी देईल आणि दोषी सापडेल.

नेटवर्क आणि पार्श्वभूमीतली कामं

नेटवर्कवर थोडक्यात. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० ठेवलं असेल तर वाटेतल्या प्रत्येक स्विचवर ते तसंच हवं. तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचं पिंग प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला जायला हवं. एलएसीपीने दोन केबल बांधल्या तरी एक टीसीपी जोडणी एकाच केबलवरून जाते, म्हणून जोडणी कोणत्या केबलवर जाईल हे ठरवताना पोर्टही धरणारी हॅश पद्धत निवडा. ओएसडींच्या आपसातल्या कामासाठी वेगळं क्लस्टर नेटवर्क घेतल्याने प्रतींच्या पूलमधलं वाचन वाढत नाही, ते क्लायंटच्या सार्वजनिक नेटवर्कवरूनच होतं. इरेजर कोडिंगमध्ये मात्र तुकडे ओएसडींमध्ये त्या नेटवर्कवरून गोळा होतात.

ठरावीक वेळी वाचन मंदावत असेल तर स्क्रब, म्हणजे साठवलेल्या डेटाची नियमित तपासणी, बघा. डीप स्क्रब मुळात आठवड्यातून एकदा प्रत्येक ऑब्जेक्ट वाचून काढतं. सुरुवात आणि शेवटाचा तास ठरवून ते कमी वर्दळीच्या वेळी न्या. ते पूर्ण बंद करण्याच्या सल्ल्याला मी ठाम विरोध करते. कोणी वाचत नसलेला, डिस्कवर गुपचूप बिघडलेला डेटा त्यानेच सापडतो. सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, एमक्लॉक हा ओएसडीच्या कामांचा क्रम लावणारा मूळ शेड्यूलर आहे. रिकव्हरी चालू असताना वाचकांना त्रास होत असेल तर त्याचं ‘हाय क्लायंट ऑप्स’ प्रोफाइल लावा.

वाटणीकडे शेवटी बघा. सेफचा बॅलन्सर प्रत्येक डिस्कवर सारखे प्लेसमेंट ग्रुप (ऑब्जेक्ट्सचे गट) ठेवतो, तरी प्रायमरी सारखे असतीलच असं नाही, आणि वाचन प्रायमरीवरच होतं. २०२३ च्या रीफ आवृत्तीमध्ये प्रायमरींची वाटणी सुधारण्याचं साधन आलं आणि २०२४ च्या स्क्विडमध्ये ‘अपमॅप-रीड’ या पद्धतीने ते आपोआप होऊ लागलं. ते प्रतींच्या पूलसाठीच आहे, आणि त्यासाठी सगळे क्लायंट रीफ किंवा पुढचे असावे लागतात. जुने कर्नल क्लायंट किती उरलेत ते आधी ‘सेफ फीचर्स’मध्ये बघा. कॅशे टियरिंगच्या, म्हणजे मंद पूलपुढे वेगवान पूल कॅशे म्हणून ठेवण्याच्या, जुन्या सूचना मात्र कुठे दिसल्या तर सोडून द्या. रीफपासून ती सोय कालबाह्य ठरवली आहे.

हे सगळं करूनही वर्दळीच्या वेळी बहुतेक डिस्क शंभर टक्के व्यस्त असतील, तर आता डिस्कच कमी पडताहेत. तेव्हा सगळं क्लस्टर बदलायची गरज नसते. थोड्या एसएसडी घाला, डिव्हाइस क्लासवर (डिस्कच्या प्रकारावर) आधारित क्रश नियम करून त्यांचाच वेगळा पूल बनवा, तो फाईलसिस्टिमला जोडा आणि लहान फाईल्सच्या डिरेक्टरीचा लेआऊट त्या पूलकडे वळवा. जुन्या फाईल्सची नवी प्रत काढायला विसरू नका, आणि काम झाल्यावर दोन-चार फाईल्सवर ‘गेटएफएटीटीआर’ चालवून त्या खरोखर नव्या पूलमध्ये आहेत का ते तपासा.